मुखपृष्ठावरचे विश्वरूप

जिमी हेंड्रिक्स एक्स्पीरियन्स या तिघांच्या बँडचा ‘अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह’ हा दुसरा अल्बम १ डिसेंबर १९६७ रोजी लंडनच्या ट्रॅक रेकॉर्ड्सने बाजारात आणला. त्याच्या कव्हरवर विष्णूचे विश्वरूप होते. डोक्यांवर डोकी, पंख्यासारखे पसरलेले असंख्य हात, हातांत आयुधे, भोवती देवदेवता. आणि या सगळ्याच्या मधोमध विष्णूच्या मुखाच्या जागी गिटारवादक हेंड्रिक्स, बाजूला बास वाजवणारा नोएल रेडिंग आणि ड्रमर मिच मिचेल. गेली पाचेक दशके हे कव्हर रॉक संगीताच्या चाहत्यांच्या भिंतींवर, टी-शर्टांवर आणि पोस्टरांवर नांदते आहे. त्याच्याबद्दल बोलणारे दोन प्रकारचे. एकाला त्यात साठच्या दशकातली गुंगी आणि रंगांची आतषबाजी दिसते, दुसऱ्याला देवाची विटंबना. मूळ चित्राकडे, म्हणजे ते कुठल्या परंपरेतून आले, कसे रचले गेले आणि कोणासाठी छापले गेले याकडे, दोघेही फारसे पाहत नाहीत. या पुस्तकाचा विषय तेवढाच आहे.

हे लिखाण चेन्नईत का घडावे, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. हेंड्रिक्स सिअ‍ॅटलचा, अल्बम लंडनचा. चेन्नईचा संबंध काय? संबंध त्या मूळ चित्राचा आहे. कव्हरसाठी वापरलेले पोस्टर ‘विराट पुरुषन् – विष्णुरूपम्’ या नावाने ओळखले जाते, आणि ‘पुरुषन्’ असे रूप त्याचा दाक्षिणात्य जन्मदाखलाच देते. अशी पोस्टरे या शहराच्या रक्तात आहेत. पॅरीज कॉर्नरच्या गल्ल्यांत, मैलापूरला कपालीश्वराच्या देवळाभोवती, तिरुवल्लिकेणीच्या रथवीथीत आजही देवांच्या फ्रेमांची दुकाने आहेत. मुरुगन, मीनाक्षी, अष्टलक्ष्मी, व्यंकटेश, वेलांकण्णीची माता आणि मक्का-मदिना एकाच भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेले असतात. चित्रांच्या तळाशी बारीक अक्षरांत प्रकाशकाचे नाव असते. जुन्या चित्रांवर ‘जे. बी. खन्ना अँड कंपनी, मद्रास’ हे नाव पुष्कळदा सापडते. हेंड्रिक्सच्या कव्हरकडे या दुकानांच्या दारात उभे राहून पाहिले, की त्यातले गूढ बरेचसे ओसरते आणि कसब दिसू लागते.

आधी लंडनची बाजू. कव्हरची जुळणी डेव्हिड किंग आणि रॉजर लॉ यांची. कार्ल फेरिस या छायाचित्रकाराने काढलेल्या बँडच्या छायाचित्रावरून लॉने तिघांचे चेहरे रंगवले आणि ते बाजारू भक्तिचित्राच्या प्रतीवर बसवले. ही दोन्ही माणसे पुढे मोठी झाली. किंग ‘संडे टाइम्स’च्या मासिक पुरवणीचा कलासंपादक होता, सोव्हिएत काळातली पोस्टरे आणि छायाचित्रे जमवण्यात आणि सत्तेने चित्रांतून माणसे कशी पुसून टाकली ते दाखवण्यात त्याने आयुष्य घालवले. लॉने पीटर फ्लकच्या जोडीने ‘स्पिटिंग इमेज’ हा राजकारण्यांच्या रबरी बाहुल्यांचा टीव्ही कार्यक्रम १९८४ मध्ये उभा केला. म्हणजे एक जण चित्रांतली फेरफार ओळखणारा, दुसरा चेहऱ्यांची टर उडवणारा. ‘अ‍ॅक्सिस’च्या कव्हरवर दोघांनीही आपापला धंदाच केला आहे. यात भक्ती नाही, तशी खोडीही नाही. हाताशी आलेले एक तयार, भरगच्च, रंगीत चित्र आणि त्यात चेहरे बसवण्याची उत्तम सोय, एवढाच हिशेब दिसतो.

तो हिशेब इतका नेमका जुळला, याचे श्रेय मात्र मूळ चित्राच्या रचनेला द्यावे लागते. लाँगप्ले तबकडीचे वेष्टण बारा इंचांचे, चौकोनी. बहुतेक देवचित्रे उभी असतात. चौकोनात बसवायला गेले तर पाय तरी कापावे लागतात, नाहीतर दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरते. विश्वरूपाचे तसे नाही. मुखांची उतरंड वर चढते आणि हातांचा पिसारा आडवा पसरतो, त्यामुळे चित्राचा सगळा भार मध्यावर येतो आणि डोळा फिरून फिरून तिथेच परततो. चौकोनी वेष्टणाला याहून सोयीचे देवरूप शोधून सापडले नसते. दुसरी सोय त्याहून महत्त्वाची. विश्वरूपात एका देहाला अनेक मुखे असतात. तिघांच्या बँडला नेमके हेच हवे होते. एक नायक मध्ये, दोन साथीदार शेजारी, पण तिघे मिळून एकच शरीर. रॉकच्या त्या काळातल्या बहुतेक कव्हरांवर वादक रांगेने उभे असतात, किंवा एक पुढे आणि बाकीचे मागे. इथे प्रधान-गौण भाव राहूनही एकजीवपणा साधला आहे, आणि तो लंडनच्या स्टुडिओत साधलेला नाही. तो पोस्टरातच होता.

आता चेहऱ्यांकडे पाहू. कॅलेंडरातल्या देवाला वय नसते. त्याच्या गालावर सावली पडत नाही, कपाळाला आठी नसते, डोळे मोठे आणि थेट समोर पाहणारे असतात. हा चित्रकाराचा अजाणपणा नाही. देवचित्राचे काम दर्शन देणे हे आहे. भक्ताने देवाला पाहायचे आणि देवाने भक्ताला. श्रीरंगम्‌सारख्या वैष्णव क्षेत्री पहाटेच्या पहिल्या दर्शनाला ‘विश्वरूप दर्शन’ म्हणतात. लॉने रंगवलेले चेहरे छायाचित्रावरून आलेले आहेत. त्यांना हाडे आहेत, सावल्या आहेत, विशिष्ट वय आहे, १९६७ सालचे पिंजारलेले केस आहेत. देवांच्या गुळगुळीत, कालातीत मुखांमध्ये ही तीन माणसे वेगळी कळतात, आणि तशी ती कळावीत अशीच योजना आहे. चित्राची मौज या विजोडपणात आहे. चेहरे पूर्ण मिसळून गेले असते तर ते केवळ भक्तिचित्र झाले असते. अजिबात मिसळले नसते तर चिकटवलेली कात्रणे वाटली असती.

हातांचे प्रतीक मात्र अनवधानाने पालटले आहे. शंख, चक्र, गदा, पद्म आणि इतर आयुधे धरणारे हात हे मुळात सर्वव्यापी सामर्थ्याची खूण. कव्हरवर गिटार कुठेच नाही. तरी ज्याने हेंड्रिक्सची गिटार ऐकली आहे त्याला ते हात वादकाचेच वाटतात: दोन हातांच्या माणसाकडून इतके सूर निघणे शक्य नाही, असा अचंबा त्या काळी त्याच्याबद्दल होताच. ड्रम वाजवणाऱ्या मिचेललाही ही प्रतिमा शोभते. देवाच्या सर्वशक्तिमत्तेची खूण अशी वादनकौशल्याची खूण होऊन बसते. अल्बमच्या ‘अक्ष’ या नावाशीही विराट पुरुषाचे नाते जुळते. विश्व ज्याच्याभोवती फिरते असा मध्यवर्ती देह म्हणजे अक्षच. हा योग जुळून आला खरा, पण त्याला संगीतकाराचा संकल्प समजायचे कारण नाही. अल्बम निघाल्यावर हेंड्रिक्सने कव्हरबद्दल नापसंती दाखवली होती. त्याच्या घराण्यात चेरोकी आदिवासींचे रक्त असल्याचे तो सांगे, आणि आपल्या अल्बमवर शोभले असते ते अमेरिकेतल्या त्या मूळ रहिवाशांचे चित्र, असे त्याचे म्हणणे होते. कव्हरच्या अर्थाचा शोध घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

विश्वरूपात आणखी एक गोष्ट असते जी या कव्हरवर नाही: भय. गीतेचा अकरावा अध्याय, आणि मराठी वाचकाला अधिक जवळचा असलेला ज्ञानेश्वरीचा अकरावा अध्याय, यांत अर्जुन विश्वरूप पाहून हरखतो, पण हादरतोही. जबड्यांत चिरडले जाणारे योद्धे पाहून त्याला कापरे भरते आणि तो पूर्वीचे सौम्य रूप परत मागतो. कॅलेंडरच्या चित्रकारांनी ही भीती फार पूर्वीच काढून टाकली. घराच्या भिंतीवर, पाळण्याच्या आणि जेवणाच्या पाटाच्या समोर टांगायचे चित्र उग्र असून भागत नाही. म्हणून तिथे विश्वरूपही गोड हसते. लंडनकरांनी हे गोड केलेले विश्वरूप जसेच्या तसे उचलले. गंमत अशी की अल्बमच्या संगीतात भय भरपूर आहे. पहिल्याच तुकड्यात गिटारचा आक्रोश एका कानातून दुसऱ्या कानात गरगरत जातो. शीर्षकगीताच्या अखेरीला सगळा आवाज वितळल्यासारखा होतो. ‘लिटल विंग’सारखे हळवे गाणे सोडले तर हे संगीत अर्जुनाच्या कापऱ्याशी नाते सांगणारे आहे. कव्हर मात्र कॅलेंडराच्या गोडव्यातच राहिले. हे कव्हर कुठे कमी पडते असे कोणी विचारले, तर माझे उत्तर हे आहे.

चित्र ज्या परंपरेतून आले तिच्यात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे, आणि त्याची सुरुवात मद्रासशी जोडलेली आहे. सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातले, १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मलेले, मद्रासला शिकलेले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषवले आणि १८९१ मध्ये मद्रासलाच त्यांचा अंत झाला. राजा रविवर्म्याला १८८४ मध्ये त्यांनीच सुचवले, की मागणी इतकी आहे की एका हाताने ती पुरी होणार नाही, तेव्हा निवडक चित्रांच्या रंगीत शिळाछाप प्रती युरोपात काढून घ्याव्यात. त्याआधी १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा छापखाना सुरू करून देवांची आणि पेशव्यांची चित्रे घरोघर पोचवायला सुरुवात केली होती. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देव देवळाच्या गाभाऱ्यातून निघून, जातीची आणि सोवळ्याची अट ओलांडून, चार आण्यांत कोणाच्याही भिंतीवर येऊ शकतो, ही क्रांती या छापखान्यांनी घडवली. हेंड्रिक्सच्या कव्हरपर्यंतची वाट इथून सुरू होते. जे चित्र कोणीही विकत घेऊ शकतो, ते लंडनचा रेखाटनकारही विकत घेऊ शकतो.

दक्षिणेत या धंद्याची दोन केंद्रे झाली. एक मद्रासचे. डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी १८५० मध्ये इथे कलाशाळा काढली; आजचे एग्मोरचे शासकीय ललितकला महाविद्यालय ते हेच. दुसरे केंद्र दूर दक्षिणेला, शिवकाशी आणि कोविलपट्टीचे. शिवकाशीत काडेपेट्या आणि फटाके बनू लागले, त्यांना लेबले हवीत म्हणून छापखाने आले, आणि लेबले छापणारी यंत्रे पुढे कॅलेंडरे छापू लागली. कोरड्या हवेत शाई लवकर वाळते, हा त्या गावाला मिळालेला निसर्गाचा हातभार. शेजारच्या कोविलपट्टीत सी. कोंडय्या राजू (१८९८–१९७६) हे चित्रकार राहत. मद्रासच्या कलाशाळेत शिकलेले, काही काळ रमण महर्षींच्या आश्रमात राहिलेले, मग नाटक कंपनीचे पडदे रंगवत गावोगाव हिंडलेले. नाटकाच्या पडद्यावरचे महाल, कमानी आणि लांबवर जाणारे खांब त्यांच्या देवचित्रांत आले. त्यांच्या शिष्यांनी हा घाट पुढे चालवला आणि तमिळ घरांतल्या देवांना आज आपण ओळखतो तो चेहरा दिला. महाराष्ट्रात हे काम रघुवीर मुळगावकरांनी केले. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि देवांची कॅलेंडरे एकाच कुंचल्यातून उतरवणाऱ्या मुळगावकरांची चित्रे ज्यांच्या घरी होती, त्यांना कोविलपट्टीची चित्रे परकी वाटणार नाहीत.

माणसाचा चेहरा देवाच्या देहावर बसवणे हीच जर तक्रार असेल, तर ती हेंड्रिक्सपाशी सुरू होत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये आपली मुलगी मंदाकिनी हिलाच कृष्ण केले होते. प्रभातच्या ‘संत तुकाराम’नंतर (१९३६) विष्णुपंत पागनीसांचा चेहरा हाच तुकोबांचा चेहरा होऊन बसला आणि त्यावर पूजेच्या तसबिरी निघाल्या. मद्रासच्या विजया-वाहिनी स्टुडिओत घडलेल्या ‘मायाबाजार’मध्ये (१९५७) एन. टी. रामाराव कृष्ण झाले, आणि त्यांचा कृष्ण आंध्रातल्या कितीतरी देवघरांत पोचला. माउंट रोडवर एके काळी उभ्या राहणाऱ्या उंच कटआउटांवर नटनट्या आणि पुढारी देवांच्या थाटात झळकत. तिरुवल्लिकेणीच्या पार्थसारथी मंदिरात तर गीता सांगणारा कृष्णच उभा आहे, मिशा असलेला, हाती चक्र नसलेला. त्याच्या उत्सवमूर्तीच्या मुखावर भीष्माच्या बाणांचे व्रण दाखवतात. देवाला माणसासारखे व्रण चालतात, मिशा चालतात. मग फरक कुठे? फरक भूमिकेत आहे. पागनीस तुकाराम झाले, रामाराव कृष्ण झाले; चेहरा माणसाचा असला तरी तो देवाची किंवा संताची गोष्ट सांगायला पुढे आलेला होता. हेंड्रिक्स विष्णू होत नाही. विष्णूचा देह तिथे हेंड्रिक्सचा पोशाख होतो. श्रद्धाळू माणसाला नेमके हेच टोचते, आणि त्याचे टोचणे समजण्यासारखे आहे.

त्या टोचण्याचा इतिहासही नोंदवायला हवा. मलेशियाच्या गृहखात्याने २०१४ मध्ये, म्हणजे अल्बम निघून सत्तेचाळीस वर्षे झाल्यावर, हिंदूंच्या भावना दुखावतात म्हणून या कव्हरला मनाई केली. एरोस्मिथच्या ‘नाइन लाइव्हज’ (१९९७) या अल्बमवर कालियाच्या फण्यावर नाचणाऱ्या कृष्णाला मांजराचे डोके लावले होते. निषेध झाल्यावर कंपनीने माफी मागून कव्हर बदलले. उलट १९६७ च्याच ‘सार्जंट पेपर्स’ या बीटल्सच्या अल्बमवरून ईएमआय कंपनीने महात्मा गांधींचे चित्र आधीच काढायला लावले, कारण भारतात धंद्याला बाधा येईल अशी भीती होती. त्याच कव्हरवर परमहंस योगानंद आणि त्यांच्या गुरुपरंपरेतले तिघे राहिले, पुढ्यात लक्ष्मीची चतुर्भुज बाहुलीही राहिली. कंपनीला राष्ट्रपित्याची धास्ती वाटली, देवीची नाही. परक्या प्रतीकांचा वापर करणाऱ्यांचा विवेक पुष्कळदा असा बाजाराच्या हिशेबाने चालतो.

प्रतीक आपले असले की काय होते, त्याचा दाखला चेन्नईतच आहे. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड जानेवारी २०१८ मध्ये पहिल्यांदा मंचावर आला. उत्तर मद्रासची गाना ही गायनशैली आणि रॉक यांची त्यांनी सांगड घातली. नाव घेतले ते तमिळ विचारवंत अयोथी दास पंडितांच्या जातिविरहित तमिळांच्या कल्पनेवरून. कलाकार एकसारख्या सुटांत उभे राहिले. सुटाचा हा अर्थ महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. चौकाचौकातला निळ्या सुटातला, हाती पुस्तक धरलेला पुतळा त्याने पाहिलेला असतो. इथे पोशाख उसना नाही. तो अंगावर घालण्यामागे इतिहास आहे, आणि घालणाऱ्याला तो ठाऊक आहे.

म्हणून या पुस्तकातला माझा निष्कर्ष दोन भागांत आहे. एक: ‘अ‍ॅक्सिस’चे कव्हर चांगले आहे, आणि ते चांगले असण्याचे मोठे कारण भारतीय भक्तिचित्राची रचना हे आहे. दोन: त्याचा खरा दोष देव उचलण्यात नाही, नाव गाळण्यात आहे. कव्हरच्या श्रेयात छायाचित्रकार आहे, रेखाटनकार आहे, मांडणीकार आहे. ज्याने ते मुखांचे मनोरे आणि हातांचे पिसारे रचले त्या चित्रकाराचे नाव नाही. त्याला फुकट मिळालेला कच्चा माल समजले गेले. पण हा आरोप एकट्या लंडनवर करून आपण मोकळे होऊ शकत नाही. कॅलेंडर बदलताना जुने पान गुंडाळून अडगळीत टाकणारे आपणच. मुळगावकर किंवा कोंडय्या राजू यांना ‘बाजारू’ म्हणून कलेच्या इतिहासाच्या उंबऱ्याबाहेर ठेवणारेही आपणच.

पुढच्या प्रकरणांत कव्हरचा एकेक भाग सुटा करून पाहिला आहे: रंग, मुखे, हात, भोवतालचे देव, अक्षरे आणि छपाई. रॉक संगीताची माहिती नसलेल्या वाचकालाही ते वाचता यावे अशी काळजी घेतली आहे. ज्याला विश्वरूपाची माहिती नाही त्या चाहत्यालाही वाट सापडेल. वाचकाकडे मागणे एकच. घरात, देवघरात, दुकानाच्या गल्ल्यामागे कुठे जुने देवचित्र असेल तर ते टाकण्याआधी त्याच्या खालच्या कोपऱ्यात पाहा. तिथे सही असेल, छापखान्याचे नाव असेल, गाव असेल. ते कागदावर उतरवून ठेवा. चित्रकारांच्या या पिढ्यांचा इतिहास अजून लिहायचा आहे, आणि त्याची साधने संग्रहालयांपेक्षा आपल्या घरांतच जास्त आहेत.